बुद्ध्यंक १३८ आहे, मग प्रबोधिनीत प्रवेश मिळेल का?

नमस्कार.

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे मी कशाला उत्तर देतेय ते इतर वाचणाऱ्यांनाही कळेल. मुलगी चौथीत, नुकती नऊ वर्षांची झालेली. राहायला वाकडला. एका शिबिरात बुद्धिमापन झालं, अहवालात मानसिक वय १२ वर्षे ५ महिने आणि बुद्ध्यंक १३८ असं आलं. तेव्हापासून घरात पुण्याच्या ज्ञान प्रबोधिनी प्रशालेचा, म्हणजे चाचण्या घेऊन हुशार मुलं निवडणाऱ्या शाळेचा, विषय सुरू आहे. एका क्लासवाल्यांनी ‘प्रवेश बॅच’चे पस्तीस हजार सांगितलेत. तुम्ही विचारताय की १३८ वर प्रवेश मिळेल का, क्लास लावावा का, नाही मिळाला तर तिची बुद्धी वाया जाईल का, आणि जाता जाता, पाच वर्षांच्या धाकट्याचीही टेस्ट आत्ताच करून घ्यावी का.

मी पुण्यात मुलांच्या बुद्धिमापनाचं आणि समुपदेशनाचं काम बावीस वर्षं करते आहे. प्रबोधिनीत मी नोकरीला नाही, कधी नव्हते. माझ्याकडे तिथे प्रवेश मिळालेली मुलंही येतात आणि न मिळालेलीही. न मिळालेल्यांच्या बाबतीत बहुतेक वेळा मूल खुर्चीत पाय हलवत बसलेलं असतं आणि डोळे पुसत असते ती आई.

तुमच्या चारही प्रश्नांच्या मुळाशी तो १३८ बसलाय. त्याच्यापासूनच सुरू करू.

अहवालात मानसिक वय दिलंय, म्हणजे चाचणी बहुधा बिने-कामत असणार. धारवाडच्या डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी फ्रेंच मानसशास्त्रज्ञ बिनेची चाचणी १९३० च्या दशकात आपल्याकडच्या कानडी आणि मराठी मुलांसाठी बेतली. आजही महाराष्ट्रात कितीतरी ठिकाणी तीच वापरतात. मीही वापरते, कारण लहान मूल तिच्यात पटकन रमतं. पण तिचा हिशेब जुन्या पद्धतीचा आहे: मानसिक वय भागिले खरं वय, गुणिले शंभर. तुमच्या मुलीने साधारण साडेबारा वर्षांच्या मुलाला जमावेत असे प्रश्न सोडवले, म्हणून १३८. आता हे ‘साडेबारा वर्षांचं मूल’ कधीचं? पहिल्या मापनातली ती मुलं आज हयात असतील तर शंभरीला टेकलेली असतील. गेल्या शतकात अनेक देशांत बुद्धिमापनाची सरासरी दर दहा वर्षांना साधारण तीन गुणांनी वर सरकली, हे जेम्स फ्लिन यांनी १९८० च्या दशकात दाखवून दिलं. म्हणूनच चाचण्यांची प्रमाणकं, म्हणजे कोणत्या वयाला सरासरी किती जमतं याची कोष्टकं, ठरावीक काळाने नव्याने काढावी लागतात. पट्टी जुनी राहिली की मूल उंच दिसतं. नव्या प्रमाणकांच्या चाचणीवर तुमच्या मुलीचा आकडा १२० ते १३० च्या मध्ये कुठेतरी आला, तर दचकू नका. मुलगी तीच आहे, आणि हुशारच आहे. त्या चाचण्यांत १३० च्या वर शंभरात जेमतेम दोन मुलं असतात.

दुसरं, कुठलाही बुद्ध्यंक हा एक आकडा नसतो, पट्टा असतो. तेच मूल, तीच चाचणी, आदल्या रात्री झोप नीट झालेली नसेल तर पाच गुण इकडेतिकडे सहज. ही चूक मी स्वतः केलेली आहे. सुरुवातीची काही वर्षं मी अहवालात ठळक अक्षरांत एकच आकडा लिहायचे, तोही मुलादेखत वाचून दाखवायचे. त्यातला एक मुलगा नववीत असताना परत आला. समोर बसला आणि म्हणाला, ‘मॅडम, मी १४२ आहे ना? मग मला भूमिती का येत नाही?’ मला १४२ मिळाले, असं नाही. मी १४२ आहे! त्या दिवसापासून मी पट्टा लिहिते, आणि अहवालावर बोलताना मुलाला बाहेर मासिकं चाळत बसवते.

आता प्रवेशाकडे येऊ. शिबिरातला आकडा तिथे चालत नाही. शाळा स्वतःच्या चाचण्या घेते. आणि मोजायची गोष्टही बरीच वेगळी आहे. प्रबोधिनीच्या बुद्धिमापनाचा पाया जे. पी. गिलफर्ड या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाच्या प्रतिमानात आहे. गिलफर्डचं म्हणणं असं की बुद्धी ही एक गोळाबेरीज नाही. ती कोणती क्रिया करते, कशावर करते आणि त्यातून काय निघतं, अशा तीन बाजूंनी तिच्याकडे पाहायचं. पाच क्रिया, चार प्रकारचा आशय, सहा प्रकारची फलितं. गुणाकार केला की १२० क्षमता होतात. प्रबोधिनीच्या प्रज्ञा मानस संशोधिकेने, म्हणजे तिथल्या मानसशास्त्र विभागाने, या धर्तीवर आपल्या मुलांसाठी चाचण्या तयार केल्या. या पाच क्रियांतली एक शाळेच्या परीक्षेत जवळजवळ कधीच येत नाही: एकाच प्रश्नाला अनेक उत्तरं शोधणं. शाळेत आपण एक बरोबर उत्तर शोधायला शिकवतो. इथे एक उत्तर लिहून पेन खाली ठेवणारं मूल मागे पडतं.

आणि क्लासचं पितळ नेमकं इथेच उघडं पडतं. एकदा एका सकाळी मी लागोपाठ चार मुलांना सरावाचा एक साधा प्रश्न विचारला: वर्तमानपत्राचे वाचण्याशिवाय किती उपयोग सांगशील? पहिला म्हणाला, रद्दी, पुडी, पतंग, टोपी, होडी, पंखा. दुसरी म्हणाली, रद्दी, पुडी, पतंग, टोपी, होडी, पंखा. तिसराही तेच, त्याच क्रमाने, त्याच चालीवर, पाढे म्हणावेत तसं. तिघं एकाच क्लासची होती हे मला विचारावंही लागलं नाही. चौथी मुलगी कुठेच जात नव्हती. ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, ‘पावसात भिजलेल्या बुटात कोंबायला.’ मग, ‘काच पुसायला.’ मग, ‘आजीचा चष्म्याचा नंबर वाढलाय का ते बघायला.’ तीनच उत्तरं, पण तिसऱ्याला मी पेन खाली ठेवून हसले. अशा चाचणीत किती सुचलं याबरोबर किती वेगवेगळ्या प्रकारचं सुचलं आणि इतरांना न सुचणारं किती, हेही पाहतात. पाठ केलेली यादी पहिल्या निकषावर गुण देते, उरलेल्या दोन्हींवर नाही.

क्लासचा काहीच उपयोग नाही, असं मी म्हणणार नाही. तो खोटेपणा होईल. अनोळखी प्रकारचे प्रश्न पहिल्यांदा पाहताना मुलं गडबडतात, आणि एक-दोनदा पाहिले की गुण थोडे वाढतात. पण ही वाढ पहिल्या दोन-तीन बैठकांतच होते. पुढचे सहा महिने तुम्ही तेच दळण दळायचे पैसे भरता. नवोदयच्या प्रवेश परीक्षेला गणित आणि भाषेचा ठरलेला भाग असतो, तिथे अभ्यासाने खरोखर फरक पडतो. तो अनुभव लोक इथे लावतात आणि फसतात. पस्तीस हजारांत मुलीला वर्षभर दर महिन्याला पुस्तकं घेता येतील, आणि तरी बरेच उरतील.

तयारी करायचीच, तर ही करा. स्कॉलरशिपच्या बुद्धिमत्ता चाचणीचं एक जुनं पुस्तक आणा, घड्याळ लावून आठवड्यातून एकदा वीस मिनिटं सोडवू द्या. उत्तरपत्रिकेत गोल रंगवायची सवय नसेल तर ती करून घ्या. प्रश्न एक सुटला आणि पुढची सगळी उत्तरं एक ओळ खाली सरकली, असं झालेली हुशार मुलं मी पाहिली आहेत. अडलेला प्रश्न सोडून पुढे जायला शिकवा. हे शेवटचं तुम्हाला क्षुल्लक वाटेल, पण पहिल्या नंबराच्या मुलींना तेच सर्वांत जड जातं. एक मुलगी माझ्यासमोर एका आकृतीपाशी सात मिनिटं थांबली. मी विचारलं, पुढे का जात नाहीस? म्हणाली, ‘सोडलं तर आई म्हणते आळस केला.’ आई बाहेर बसली होती, आणि अतिशय प्रेमळ बाई होत्या.

फॉर्मवर भाषेचा पर्याय असेल तर ती ज्या भाषेत विचार करते ती निवडा; शाळेचं माध्यम इंग्रजी आहे म्हणून इंग्रजीच, असं नाही. बाकी तारखा, टप्पे, वयाची अट हे सगळं त्या त्या वर्षीच्या सूचनेतच पाहा. शेजाऱ्यांच्या मुलाच्या वेळचं ऐकू नका.

मग १३८ वर प्रवेश मिळेल का? हे बऱ्याच गोष्टींवर अवलंबून आहे, आणि त्यांतल्या निम्म्या तुमच्या हातात नाहीत. तिचं वय नेमकं किती महिने, त्या वर्षी बसलेली मुलं कशी, त्या दिवशी ती कशी. पाचवीला जागा मुलं-मुली मिळून साधारण ऐंशी. समजा हजार मुलं बसली. ही हजार म्हणजे रस्त्यावरून उचललेली हजार नव्हेत. आईवडिलांनी, शिक्षकांनी ‘याला बसवू या’ म्हणून आधीच निवडलेली. त्यांतल्या वरच्या वीस-पंचवीस जणांबद्दल कुणाचं दुमत होणार नाही. पण साठाव्या आणि एकशेविसाव्या मुलात जो फरक दिसतो, तो कुठल्याही चाचणीच्या मोजमापाच्या चुकीत सहज बुडेल एवढा असतो. परीक्षा आठवडाभराने पुन्हा घेतली तर त्या पट्ट्यातली बरीच नावं अदलाबदल होतील. शाळेला कुठेतरी रेघ मारावी लागते, ती मारते. रेघेच्या खाली आलेलं मूल ‘प्रज्ञावंत नाही’ असा त्याचा अर्थ कुणी काढू नये. शाळेने तसं म्हटलेलंही नसतं. ते घरी येताना गाडीत ठरतं.

आतापर्यंतचं एका दमात: आकडा जुन्या पट्टीचा आहे, परीक्षा वेगळं काही मोजते, क्लासने फारसा फरक पडणार नाही, आणि रेघेच्या आसपास बराचसा भाग योगायोगाचा आहे. परीक्षेला मात्र जरूर बसवा. नऊ वर्षांच्या हुशार मुलीला दोन तास छान कोडी सोडवायला मिळतात, यात वाईट काय?

पण फॉर्म भरायच्या आधी एक गोष्ट नवरा-बायकोने बसून बोला. तुम्हाला ही शाळा हवी आहे की ‘निवड झाली’ हे वाक्य हवं आहे? तुमच्या पत्रात परीक्षेबद्दल बारा ओळी आहेत आणि शाळेबद्दल एकही नाही. प्रबोधिनी १९६२ मध्ये आप्पा पेंडसे यांनी सुरू केली ती बुद्धी समाजाच्या कामी यावी म्हणून. तिथे आठवीत विद्याव्रत संस्कार होतो, म्हणजे मुलं विद्यार्थिदशेत पाळायची व्रतं घेतात. प्रकल्प असतात, सहली असतात, गटाने करायची कामं असतात. गणपतीत लक्ष्मी रोडवर बरची घेऊन नाचणारी मुलं-मुली तुम्ही पाहिली असतील. एक वडील मला म्हणाले होते, ‘ते सगळं ठीक आहे हो, पण जेईईचं काय?’ त्यांना मी दुसरी शाळा बघायला सांगितलं. त्यात शाळेचा दोष नव्हता आणि त्यांचाही नव्हता. दोघांना वेगळं काही हवं होतं, आणि मधे मुलगा होता.

वाकड ते सदाशिव पेठ हाही विचार करायचा मुद्दा आहे. गर्दीत एका बाजूला तास-सव्वा तास. नऊ-दहा वर्षांच्या मुलीचे रोज दोन-अडीच तास व्हॅनमध्ये जाणार, आणि शाळेनंतरच्या उपक्रमांना थांबता येणार नसेल तर त्या शाळेची निम्मी गंमत तिथेच संपली. ज्यांनी घर बदललं त्यांचं बरं झालं, ज्यांनी ‘बघू, जमेल’ म्हटलं त्यांतले काही दिवाळीपर्यंत थकले. निगडीला प्रबोधिनीचं नवनगर विद्यालय आहे आणि ते तुम्हाला जवळ पडेल, पण ती वेगळी शाळा आहे. दोन्हींची गल्लत करू नका.

प्रवेश मिळाला तर काय होतं, हे कुणी सांगत नाही म्हणून सांगते. पहिली घटक चाचणी येते. आजवर तुमची मुलगी वर्गात पहिली येत होती. वासरांत लंगडी गाय शहाणी असं मी म्हणणार नाही, ती लंगडी नाही. पण आता सगळा कळपच तिच्यासारखा असणार. अशाच एका निवडक शाळेत गेलेली एक मुलगी पाचवीच्या सप्टेंबरात माझ्याकडे आली होती. रोज सकाळी पोट दुखायचं, डॉक्टरांना काही सापडत नव्हतं. तिसऱ्या भेटीत तिने सांगितलं की ती वर्गात सत्ताविसावी आली होती. ‘म्हणजे मी आता ढ आहे का?’ तिचे गुण वाईट नव्हते. तिने जन्मात कधी सत्ताविसावा हा आकडा ऐकला नव्हता, एवढंच. हर्बर्ट मार्श या मानसशास्त्रज्ञाने १९८० च्या दशकापासून यावर बरंच काम केलंय: तेवढ्याच कुवतीचं मूल निवडक वर्गात गेलं की स्वतःला कमी समजू लागतं, कारण मूल स्वतःला शेजारच्या बाकाशी ताडून पाहतं. बहुतेक मुलं वर्षभरात सावरतात. घरी रँक विचारला जात नसेल, तर त्याआधीच. तिसऱ्या भेटीत मी त्या मुलीला विचारलं होतं, नवीन मैत्रिणी कशा आहेत? ती एकदम सरळ बसली आणि म्हणाली, ‘त्यांना माझे जोक कळतात.’ पोटदुखी पुढे आपोआप गेली. निवडक शाळेचा खरा फायदा मला विचाराल तर तो हा आहे. काही मुलांना आयुष्यात पहिल्यांदा आपले जोक कळणारी माणसं भेटतात.

म्हणून तुमच्या मुलीला ही शाळा किती हवी आहे, हे १३८ वरून मला सांगता येणार नाही. ती सध्याच्या वर्गात कशी बसते यावरून सांगता येईल. कंटाळून खोड्या काढते का? तीन मिनिटांत काम संपवून खिडकीबाहेर बघते का? की मुद्दाम एखादं उत्तर चुकवते? मुली हे करतात, साधारण याच वयात सुरू करतात, कारण फार हुशार दिसणं मैत्रीला महागात पडतं. यातलं काही दिसत असेल तर प्रवेशासाठी जोर लावा. ती मजेत असेल, शिक्षक चांगले असतील, दोन जिवाभावाच्या मैत्रिणी असतील, तर न मिळाल्याने फार काही बिघडत नाही.

आणि बुद्धी वाया जाण्याबद्दल. प्रबोधिनीची प्रशाला १९६९ मध्ये सुरू झाली. म्हणजे पहिली सात वर्षं पूर्ण वेळची शाळाच नव्हती. निवडलेली मुलं दिवसा आपापल्या शाळेत जायची आणि शाळेबाहेरच्या वेळात प्रबोधिनीत यायची. प्रज्ञावंतांच्या शिक्षणाचा पुण्यातला हा प्रयोग सुरूच झाला तो ‘शाळा तीच, वरची भर वेगळी’ या रीतीने. तुम्ही घरी तेच करू शकता. प्रबोधिनीच्या युवक आणि युवती विभागात इतर शाळांची मुलं-मुलीही येतात, त्याची चौकशी करा. सहावीत होमी भाभा बालवैज्ञानिक परीक्षा आहे; तिच्यातला प्रयोगांचा आणि प्रकल्पाचा भाग मला पदकापेक्षा जास्त आवडतो. पुढे गणित आवडलं तर भास्कराचार्य प्रतिष्ठान पुण्यातच आहे. हे सगळं एकदम नको. तिला एक गोष्ट आवडली की तिच्यामागे लागा. आईवडिलांना आवडलेल्या चार गोष्टींत तिला पिदवू नका.

तिला काय सांगायचं, हे तुम्ही विचारलं नाही, पण सांगते. ‘एका शाळेत कोडी घालतात, ती शाळा तुला आवडेल असं आम्हाला वाटतं. जागा थोड्या आहेत. मिळाली तर विचार करू, नाही तर इथली शाळा आहेच.’ एवढंच. नातेवाइकांना निकाल लागेपर्यंत काहीच सांगू नका. आत्याचा फोन हा नऊ वर्षांच्या मुलीला पेपरपेक्षा अवघड असतो. परीक्षेहून बाहेर आल्यावर ‘किती सोडवलंस’ असं विचारू नका. ‘सगळ्यात मजेदार कोडं कोणतं होतं’ असं विचारा. तिने तोंड भरून सांगितलं तर ऐका. ‘विसरले’ म्हणाली तर भेळ खायला न्या.

आता धाकटा. पाचव्या वर्षी बुद्ध्यंक फार डळमळीत असतो. त्या वयात मूल आज वाघ असतं आणि उद्या ‘मला नाही यायचं’ म्हणून टेबलाखाली जातं, आणि आम्ही टेबलाखालच्या मुलाला शून्य देतो. बोलण्यात, ऐकण्यात, हालचालीत काही अडचण वाटत असेल तर लगेच दाखवा. तशी काही शंका नसेल तर नऊ वर्षांचा होईपर्यंत टेस्ट नको. आणि तोवर त्याच्यासमोर ताईचा १३८ बोलू नका. तुम्ही लिहिलंय की तो सध्या सगळ्यांना ‘तू किती आहेस?’ असं विचारत फिरतो.